चौकटीतल्या वेळा

कॅलेंडराच्या चौकटींत यांनी पेन्सिलीनं
बारीक काहीबाही लिहून ठेवलंय.
मला वाटायचं, दुधाचा हिशेब.
हे गेल्यावर त्यातली कितीतरी पानं
मी पापडांखाली अंथरली.

परवा चष्मा पुसला आणि वाचलं.

‘कार्तिक. पोदेराचा भोंगा वाजायच्या आत
गरी पाण्यात हवी.
कुशावती निवळलीय, तळाचे गोटे मोजता येतात.
पण आपल्याला गोटे दिसतात
तसे माशाला आपण दिसतो.
सावली पाण्यावर पडू देऊ नये.’

‘पौष. घाई नको. पाणी गार, मासा आळशी.
चहा घे, दुसराही घे.
नऊला ऊन कोंडीत उतरतं,
मरळ श्वास घ्यायला वर येते.
बुडबुडा फुटला की त्याच्या हातभर पुढे टाक,
त्याच्यावर नको.’

‘चैत्र. दिवस फुकट.
दिवेलागणीला, म्हशी उतारावरून घरी गेल्या की जा.
त्यांनी ढवळलेल्या पाण्यात थिगूर चरतो.
काटा सांभाळ.’

‘वैशाख. आभाळ भरलं, वारा पडला
की हातातलं काम टाक.’
खाली दोन रेघा.
(आता कळलं,
शेवंताच्या लग्नात मांडवातून कुठे गेले होते.)

आषाढाच्या पानावर एकच ओळ:
‘पोटात अंडी. गरी खुंटीला.’
आणि कोपऱ्यात, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं,
‘खाणीचं तांबडं पाणी.
त्याला मी दिसत नाही, मला तो.’

‘चतुर्थी उतरली. श्रावणापासून उपाशी सगळं रिवण
आज नदीवर.
आपण जाऊ नये. मासे हसतात.’

एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस
रोज रिकामी पिशवी घेऊन घरी यायचा.
मिंगेल बांधावरून ओरडून वेळ विचारायचा,
हे सांगायचे,
आणि संध्याकाळी मिंगेलकडून केळीच्या पानात
वाम यायची, साफ करून, मीठ लावून.
मी म्हणायचे, लोकांना शिकवता, स्वतःचं काय?
हे दारातल्या दगडावर पाय धूत राहायचे.
खूप वेळ धुवायचे.

प्रत्येक चौकटीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
स्वतःची नोंद आहे.
‘दुपारी १ ते ४. काही नाही.’
‘१ ते ४. काही नाही.’
‘१ ते साडेचार. काही नाही. झोप बरी.’

साळावलीच्या पंपावर यांची रात्रपाळी.
घराच्या खोल्या दोन.
आणि दुपारी एकला माझी शिकवणी भरायची,
बावीस मुलं, एकोणतीसचा पाढा, तोही एका सुरात.
मी कधी विचारलं नाही
हा माणूस झोपतो कधी.

पणसायमळच्या कातळावर
कोणीतरी कधीकाळी बैल कोरून ठेवलेत.
त्यांच्या शेजारी टोपीनं तोंड झाकून,
दोर पायाच्या अंगठ्याला बांधून हे निजायचे.
मिंगेलनं पाहिलं होतं. तो आज सांगतो.
आज!
मासा भलत्या वेळी चावून उठवील
ही भीती नव्हती म्हणूनच ती वेळ.

काल मीही गेले. एकच्या उन्हात, छत्री घेऊन.
गांडूळ लावताना हात थरथरले,
अर्धं गळालं, अर्धं लागलं.
पाणी हललं नाही. खंड्यासुद्धा
फांदीवर डोळे मिटून.
मी मनात एकोणतीसचा पाढा म्हटला,
सतराशी अडखळले.

आणि दोर ओढला गेला.

आज सकाळी यांच्या पेन्सिलीला टोक केलं.
‘मार्गशीर्ष. दुपारी सव्वा. ऊन कडक.
थिगूर एक, वीतभर. काटा लागला, बोट सुजलंय.
वेळ चुकीची.’

मिंगेल बांधावरून विचारत होता, काय गावलं?
मी म्हटलं, काही नाही.